राजकीय वार्ताहर (महाराष्ट्र)

सरकार, विधिमंडळ, पक्ष आणि निवडणुका यांच्या बातम्या देण्याचे नेमून दिलेले काम करणारा पत्रकार म्हणजे राजकीय वार्ताहर. मंत्रालय, विधानभवन आणि पक्षांची कार्यालये ही त्याची ठरलेली ठिकाणे. वृत्तवाहिन्या आल्यापासून नेत्यांच्या बंगल्याबाहेरचा पदपथही त्यांत धरावा लागतो.

घडण

या कामाला थेट मुंबईतून सुरुवात करणारे थोडे. बहुतेक जण तालुका वार्ताहर म्हणून मानधनावर किंवा बातमीगणिक पैशांवर लागतात. पुढे जिल्हा परिषद, महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय असे करत वर सरकतात. जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीत विषयपत्रिका, इतिवृत्त आणि ऐनवेळचे विषय पाहिलेला माणूस विधानसभेच्या कामकाजात चटकन रुळतो. मंत्रालयात रोजचा वावर ठेवायचा तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचे ओळखपत्र, उपयोगी पडते. ती समितीच्या शिफारशीने मिळते आणि तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

मंत्रालयातले काम

मंत्रिमंडळाच्या बैठकीचा दिवस हा आठवड्यातला महत्त्वाचा दिवस. बैठकीनंतर निर्णयांचे अधिकृत टिपण निघते, पण त्याच्या आधीच तुकड्यातुकड्यांनी माहिती फुटू लागते. घोळ होतो तो इथे. एखाद्या योजनेची घोषणा, तिला मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता, तिचा शासन निर्णय आणि तिच्यासाठी निधीचे वितरण या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये महिनोन्‌महिने जाऊ शकतात. पहिल्या पायरीवरच ‘मिळणार’ऐवजी ‘मिळाले’ छापले की पुढे तीच बातमी आणखी तीनदा नवी म्हणून येते. शासन निर्णयावर क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक असतो. समाजमाध्यमांवर फिरणारा कागद हाती आला, तर तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. बनावट कागद बहुधा तिथेच उघडा पडतो.

कागदावर विसंबून फसण्याचे मराठीतले जुने उदाहरण कोल्हापूर प्रकरणाचे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी छत्रपतींचा छळ चालवल्याचा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केला. आरोपाला आधार असलेली पत्रे बनावट निघाली आणि टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

विधिमंडळ

विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. अधिवेशने मुंबईत होतात. नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. त्या काळात मुंबईचे अनेक वार्ताहर ‘सुयोग’ या पत्रकार निवासात मुक्कामाला असतात. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकारचे चहापान, त्यावर विरोधकांचा बहिष्कार, मग दोन्ही बाजूंच्या पत्रकार परिषदा हा क्रम इतका ठरून गेला आहे की बातमीचा साचा तयारच असतो. फक्त आरोपांचे विषय बदलतात. सकाळी पायऱ्यांवरची घोषणाबाजी दृश्यांसाठी असते. खरी सामग्री छापील कागदांत मिळते.

त्यांतला पहिला कागद तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांच्या यादीचा. प्रश्न ‘हे खरे आहे काय’ या धाटणीत असतो आणि मंत्र्याचे उत्तर ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांपैकी असते. नवखा वार्ताहर प्रश्नातला मजकूर वस्तुस्थिती समजून छापतो. तो सदस्याचा दावा असतो. ‘अंशतः खरे’ असे उत्तर आले की सरावलेला माणूस कोणता अंश खोटा ठरवला आहे ते शोधतो, कारण बातमी बहुधा त्यातच दडलेली असते. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचनेवरचे त्याचे निवेदनही छापील मिळते. त्यानंतरच्या उपप्रश्नांत मंत्र्याने तोंडी दिलेले चौकशीचे किंवा निलंबनाचे आश्वासन मात्र ऐकूनच टिपावे लागते. ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव मांडला गेला आणि तो स्वीकारला गेला, या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. स्वीकारला जाणे दुर्मीळ. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. त्या दिवशी वाचायला वेळ नसतो आणि चर्चेला सभागृह नसते. म्हणून ते बॅगेत टाकून नंतर आठवडाभर पुरवून वापरण्याची रीत आहे.

अर्थसंकल्पात चार आकडे शेजारी छापलेले असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. एखाद्या खात्याची तरतूद ‘वाढली’ असे लिहिताना तुलना मूळ अंदाजाशी आहे की सुधारित अंदाजाशी, हे न सांगितल्यास एकाच खात्यात वाढ आणि कपात दोन्ही दाखवता येतात. सत्ताधारी आणि विरोधक नेमके तेच करतात. वर्षभरात मंजूर झालेल्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा तरतुदी, न धरता काढलेला निष्कर्षही असाच लंगडा असतो.

बहुमताच्या बातमीत १४५ (२८८ च्या निम्म्याहून एक जास्त) हा आकडा डोळे झाकून वापरला जातो. विश्वासदर्शक ठराव उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतो. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी मते पडली, म्हणजे २८८ च्या सभागृहात बेरीज २६३. पक्षादेश (व्हिप) कोणाचा, हाही असाच निसरडा मुद्दा. पक्षादेश काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटाचा) नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले.

सभागृहात सदस्याने काहीही बोलले तरी अनुच्छेद १९४ मुळे त्याच्यावर खटला चालत नाही. वार्ताहराचे संरक्षण त्यापेक्षा तोकडे आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३६१-अ कामकाजाच्या बव्हंशी खऱ्या आणि द्वेषबुद्धी नसलेल्या वृत्ताला संरक्षण देतो. तोच आमदार बाहेर पायऱ्यांवर तेच बोलला, तर ते संरक्षण नाही. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला मजकूर छापणे हे वेगळेच संकट. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने असा मजकूर छापला, तेव्हा बिहार विधानसभेने संपादकांविरुद्ध हक्कभंगाची कारवाई सुरू केली आणि सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा अधिकार मान्य केला. त्यामुळे गदारोळाच्या दिवशी ‘काढून टाकले’ हे शब्द कोणत्या वाक्याला लागू झाले ते विधिमंडळ सचिवालयाकडून विचारून घेतल्याशिवाय बातमी सोडू नये.

सूत्रे

‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ या वाक्यामागे स्वीय सहायक, सचिव, नाराज आमदार किंवा खुद्द मंत्री असू शकतो. प्रत्येकाचा काही हेतू असतोच. पुडी सोडणे हा या धंद्यातला नित्याचा शब्द: मंत्रिमंडळ विस्ताराआधी स्वतःचे नाव चर्चेत आणणे किंवा प्रतिस्पर्ध्याचे नाव आधीच फोडून कापणे. दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या सूत्राकडून खातरजमा करणे हा उपाय सगळे सांगतात. अडचण ही की दोन्ही सूत्रे एकाच बंगल्यावरून ऐकून आलेली असतात.

छापील वृत्तपत्राला वेळेचीही मर्यादा आहे. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने आधी सुटतात, शहर आवृत्तीची मध्यरात्रीच्या सुमारास. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती झाल्याचे मथळे घेऊन अंक घरोघरी पडले. त्याच सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला. राष्ट्रपती राजवट पहाटे ५.४७ ला उठवली गेली होती. मथळे आदल्या रात्रीपुरते चुकीचे नव्हते.

निवडणुका

उमेदवाराच्या नमुना २६ मधील शपथपत्रात मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे यांची माहिती असते. ‘संपत्ती पाच वर्षांत तिप्पट’ ही बातमी त्यावरून निघते, पण स्थावर मालमत्तेची खरेदी किंमत आणि चालू बाजारभाव हे वेगवेगळे रकाने आहेत. जमीन तीच असून भाव वाढल्यानेही बेरीज फुगते. मतमोजणीच्या दिवशी टपाली मते आधी घेतली जातात. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातल्या आघाड्यांवर निकालाचा कल सांगणे धोक्याचे. फेऱ्यांचा क्रम मतदान केंद्रांच्या क्रमाने जातो. कोणत्या फेरीत उमेदवाराचे गाव येते हे स्थानिक वार्ताहराला ठाऊक असते. वाहिनीच्या पडद्याला नसते.

बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

पुढे यांतले काही राजकीय संपादक होतात, काही एखाद्या मंत्र्याचे किंवा पक्षाचे माध्यम सल्लागार. निवृत्तांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची राज्य शासनाची सन्मान योजना आहे. ज्या सरकारची झाडाझडती घ्यायची त्याच्याकडेच अर्ज करावा लागतो, यावर पत्रकार कक्षात अधूनमधून वाद झडतो.