सूज, हळद आणि लखनौची प्रयोगशाळा: कर्क्युमिन संशोधनाची पार्श्वभूमी

हळदीच्या औषधी गुणांचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास आठवतो तो अमेरिकेतील पेटंटचा वाद. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालेले ते पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत आणि आधुनिक दाखले सादर करून १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. मात्र तो वाद जखम भरून येण्याबाबतचा होता. सूज उतरवण्याच्या गुणाची शास्त्रीय कथा त्याच्या बऱ्याच आधी, त्याच परिषदेच्या लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सुरू झाली होती, आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

मुका मार लागला की हळद कोमट करून लेप द्यायचा, हे घरोघरी माहीत असते. ग्रंथांत मात्र चित्र थोडे वेगळे दिसते. चरकसंहितेत हळद लेखनीय (मेद खरवडून कमी करणारी), कुष्ठघ्न (त्वचारोग घालवणारी) आणि विषघ्न (विष उतरवणारी) या द्रव्यांच्या गणांत येते. सूज कमी करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात ती नाही, तिथे दशमुळे, म्हणजे दहा औषधी वनस्पतींची मुळे, आहेत. त्यामुळे ‘हे सारे ग्रंथांत आधीच लिहिलेले होते’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजेच कर्क्युमिन, फोगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ मध्ये वेगळे केले, तर त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. या काळात त्याच्याकडे मुख्यतः रंगद्रव्य म्हणूनच पाहिले जात होते.

लखनौच्या श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे ही दृष्टी बदलली. उंदरांच्या पंज्यात कॅरेजिनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचून सूज आणायची आणि औषधाने ती किती रोखली जाते हे मोजायचे, ही त्यांची एक प्रमुख चाचणी होती. तीत कर्क्युमिन त्या वेळच्या फिनाइलब्युटाझोन या प्रचलित सूजरोधक औषधाच्या तोडीस तोड ठरले, पण दीर्घकालीन सुजेच्या प्रयोगांत त्याची ताकद निम्मीच भरली, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. पुढे १९८० मध्ये संधिवाताच्या १८ रुग्णांना रोज १,२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन त्याची तुलना त्याच औषधाशी करण्यात आली, आणि १९८६ मध्ये सातोसकर व सहकाऱ्यांनी हर्निया आणि हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणे) यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर ते तपासले. हे सातोसकर म्हणजे ज्यांचे औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले, तेच. गंमत अशी, की तुलनेसाठी घेतलेले फिनाइलब्युटाझोन रक्तपेशींवरील घातक दुष्परिणामांमुळे माणसांच्या उपचारांतून जवळजवळ हद्दपार झाले आणि प्रामुख्याने घोड्यांच्या उपचारांत उरले.

हे १,२०० मिलिग्रॅम म्हणजे नेमके किती? वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असते. तीन टक्के धरले तर त्यासाठी रोज ४० ग्रॅम हळद पोटात जायला हवी, आणि एवढी पूड एका छोट्या कुटुंबाच्या फोडणीला कित्येक दिवस पुरते. दुधात चिमूटभर हळद घालणे आणि या चाचण्या यांची सांगड घालणे म्हणूनच अवघड आहे.

सूज निर्माण करणाऱ्या अनेक जनुकांना चालना देणारा ‘एनएफ-कप्पा बी’ हा पेशींतील घटक कर्क्युमिन दाबून टाकते, असे १९९५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखवले, आणि त्यानंतर जगभर निबंधांचा पूर लोटला. अडचण मात्र पेशींच्या बाहेर होती: तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृतात झपाट्याने रूपांतर होते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातील उपलब्धता सुमारे वीसपट वाढली. बाजारातील अनेक गोळ्यांत मिरीचा अर्क दिसतो, तो यामुळेच.

२०१७ मध्ये एका अमेरिकी रसायनशास्त्रीय नियतकालिकातील विस्तृत आढाव्याने आणखी मूलभूत आक्षेप घेतला. कर्क्युमिन अस्थिर आहे, अनेक प्रथिनांशी सहज अभिक्रिया करते आणि प्रकाश पडला की स्वतः चमकते. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत परिणाम नसतानाही तो असल्याचा भास होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. लखनौच्या प्रयोगात मात्र मोजली गेली होती ती प्रत्यक्ष पंज्यावर आलेली सूज, म्हणून हा विशिष्ट आक्षेप तिला थेट लागू होत नाही.