आधी भोकं मोजा

नवी होडी घेतली की सगळ्यांची नजर वर जाते, डोलकाठीकडे आणि शिडांकडे. (नवी म्हणजे आपल्याला नवी, पहिली होडी बहुधा कुणीतरी वापरून विकलेलीच असते.) माझं म्हणणं, होडी जमिनीवर टेकूंवर उभी आहे तोवर खडू आणि वही घेऊन तिच्या पोटाखाली शिरावं आणि तिला भोकं किती आहेत ते मोजावं.

भोकं असतातच, आणि ती मुद्दाम पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेणारं एक, बेसिनचं पाणी बाहेर सोडणारं एक, संडासाची दोन, पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचं एक, शिवाय होडीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर पडतो ते. सहा-सात सहज भरतात. प्रत्येकाभोवती खडूने गोल काढायचा, वहीत नंबर टाकायचा आणि मग आत जाऊन तोच नंबर शोधायचा. एखादा सापडत नाही. तो बहुतेक कपाटाच्या तळाशी, जुन्या दोरखंडांच्या ढिगाखाली असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, ते हिशोबाने पाहू. 5 सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर उघडं राहिलं, तर पाणी सेकंदाला साधारण 3.4 मीटर वेगाने आत येतं. तेवढ्याच उंचीवरून पडणाऱ्या दगडाचा वेगही इतकाच असतो. कडांपाशी धार आकसते, तरी सेकंदाला चारेक लिटर पाणी आत येतं. म्हणजे चार सेकंदांत बादली भरली. तासाला 2,000 लिटर उपसणारा विजेचा छोटा पंप सेकंदाला जेमतेम अर्धा लिटर बाहेर टाकतो. भोकाचा व्यास निम्मा असेल तर पाणी पावपट येतं, पण भोक निम्म्या खोलीवर असल्याने फारसा फरक पडत नाही, सुमारे 30 टक्केच कमी येतं. तेव्हा भोक किती खोल आहे यापेक्षा ते किती मोठं आहे याची काळजी जास्त.

बहुतेक भोकांना आतून व्हॉल्व्ह असतो. तो उघडमीट करून पाहा. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम निघतो. मग सुरीच्या टोकाने त्याचा धातू किंचित खरवडा. पिवळी चमक दिसली तर ठीक. गुलाबीसर दिसला तर व्हॉल्व्ह बदला, त्यात घासाघीस नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार जसाच्या तसा, पण एका धक्क्यात तुटेल असा. म्हणून इथे ब्राँझ किंवा जस्त टिकवून धरणारं खास पितळ वापरतात. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवायची. व्हॉल्व्ह तुटला की ती ठोकायची. पाण्याने फुगून ती आणखी घट्ट बसते.

पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा गोळा बसवलेला दिसेल. हा बळीचा बकरा. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की जास्त क्रियाशील असलेला आधी झिजतो, म्हणून आपण जस्त पुढे करतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा गोळा लागतो. मी घेतलेल्या होडीच्या आधीच्या मालकाने तळ रंगवताना हौसेने या गोळ्यावरही दोन हात मारले होते. गोळा अगदी नव्यासारखा राहिला होता आणि पंख्याला खड्डे पडले होते!

ही युक्ती ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा झिजत असे. 1824 मध्ये डेव्हीने त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायला सुचवलं. पत्रा खरोखरच वाचला, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले माजले आणि जहाजं मंदावली. झिजताना पाण्यात उतरणारं तांबंच या जीवांना दूर ठेवत होतं. आजचे तळाचे रंगही बरेचसे तांब्याच्या याच विषावर चालतात. मध्यंतरी कथिलाचं एक संयुग, ट्रायब्युटिल टिन, त्याहून जालीम म्हणून रंगात आलं. त्याने फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातल्या कालवांची शेती इतकी बिघडवली की फ्रान्सने 1982 मध्ये लहान होड्यांना ते बंद केलं. जगभर बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं.

डोलकाठीबद्दल एकच सांगतो. ती उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा कुठे आहेत ते पाहा. ॲल्युमिनियमची उंच काठी तारेला लागली तर पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

आता स्वतःची तयारी. इथे मात्र शिडाआधी शिडी. पाण्यात पडलेल्या माणसाला होडीची कड डोक्याच्या बरीच वर असते, आणि आत ओढलेली शिडी खालून हाताला लागत नसेल तर पट्टीचा पोहणाराही बाहेरच राहतो. थंड पाण्यात पहिल्याच क्षणी श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल, तर आत जातं ते पाणी. पहिला मिनिटभर श्वास ताब्यात आणायचा, बाकी काही करायचं नाही. पण तोवर तरंगत कोण ठेवणार? अंगावरचं जॅकेट. फुगणारं जॅकेट असेल तर तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी ते तसंच टणक हवं. त्यातली गॅसची नळी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. किमान वजन नळीवरच कोरलेलं असतं. त्याहून कमी भरली तर नळी बदला. परत बसवताना पीळ घट्ट करा, तो हलत्या होडीत सैल होतो.

उतरवायच्या दिवशी क्रेन पट्ट्यांवर होडी उचलते आणि अलगद पाण्यात ठेवते. होडी तरंगल्यासारखी वाटते, मागे उभे असलेले लोक घाई करायला लागतात. पट्टे सोडू द्यायचे नाहीत. बॅटरी, वही आणि टिपकागद घेऊन आत उतरायचं. प्रत्येक भोकाच्या सांध्यावरून कागद फिरवायचा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर लगेच दिसते. फळ्यांची जुनी लाकडी होडी असेल तर गोष्ट वेगळी. उन्हात आकसलेल्या फळ्यांच्या फटींतून पाणी येणारच, आणि त्या फुगून मिटेपर्यंत होडी पंप लावून एक-दोन दिवस पट्ट्यांतच ठेवावी लागते. बाकीच्यांनी कागद कोरडा निघाला की वहीत त्या नंबरपुढे खूण करायची आणि पुढच्या भोकाकडे सरकायचं. शेवटच्या नंबरपुढे खूण झाली, की मग वर येऊन क्रेनवाल्याला हात दाखवायचा.