फिजीचा नारळपतंग: परका की तिथलाच?

फिजीच्या व्हिटी लेव्हू बेटावर नारळाच्या झावळ्या करपू लागल्याच्या नोंदी १८७७पासूनच्या आहेत. त्यामागच्या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं १९०६ साली: लेव्हुआना इरिडेसेन्स. कुळ झायगेनिडी, आणि आपल्या जीनसमधली (प्रजातींच्या जवळच्या गटातली) ही एकमेव प्रजाती. पंखांवर धातूसारखी निळी झळाळी असली तरी बागायतदारांना धास्ती होती ती पात्यांची खालची बाजू खरवडून खाणाऱ्या अळ्यांची.

१९१६च्या सुमारास पतंग आसपासच्या लहान बेटांवर पोचला आणि खोबऱ्याचा सगळा व्यापारच धोक्यात आला. फिजीत त्याला आवर घालणारा शत्रू मिळेना. शेवटी वर्गीकरण कामी आलं. मलायातल्या नारळांवर याच कुळातला आर्टोना नावाचा पतंग होता आणि त्याच्या अळ्यांवर एक टॅकिनिड माशी (जिची पिल्लं इतर किड्यांच्या अळ्या आतून खाऊन मारतात), बेसा रेमोटा, वाढत असे. ती १९२५ साली फिजीत आणून सोडली. काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरला. पतंगाच्या नोंदी विरळ होत थांबल्या आणि १९९६ साली तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत नामशेष ठरला.

खरा वाद इथून सुरू होतो. माशी आणणाऱ्यांच्या मते पतंग मुळात फिजीचा नव्हताच. तो पश्चिमेकडच्या कुठल्यातरी बेटावरून आला असावा. अचानक उसळलेला प्रादुर्भाव, एकाच बेटापुरता मुक्काम आणि स्थानिक शत्रूंचा अभाव, ही त्यांची कारणं. ती वजनदार आहेत. पण व्हिटी लेव्हू आणि लगतच्या बेटांपलीकडे हा पतंग आजवर कुणालाही सापडलेला नाही. जीनसमध्ये दुसरी प्रजाती नसल्याने जवळच्या नातलगांवरून माग काढणंही अवघड. मूळ घर दाखवता येत नसताना त्याला परका म्हणणं मला घाईचं वाटतं. अलीकडच्या लेखनात तर तो खरंच संपला का, यावरही शंका घेतली जाते, कारण लहान बेटांवर पद्धतशीर शोध पुरेसा झालेला नाही.

त्या वेळी नारळ वाचवणं गरजेचं होतं, हे मान्यच. मात्र ही माशी एकाच यजमानावर (जिच्यावर ती वाढते त्या प्रजातीवर) अवलंबून नाही. लेव्हुआना दुर्मिळ झाला तरी इतर पतंगांवर तिची उपजीविका चालू राहते, म्हणून उरलेसुरले लेव्हुआनाही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. फिजीतला याच कुळातला दुसरा पतंग, हेटेरोपॅन डोलेन्सही तिच्यामुळेच दिसेनासा झाला असावा, असं काही अभ्यासक मानतात. नारळाशी त्याचं काही वैर नव्हतं, आणि लेव्हुआनावरच्या चर्चेत त्याचा उल्लेख जेमतेम एखाद्या ओळीत येतो.