महालातला ‘हाल’ आणि नागपुरातला ‘नाग’

नागपूरच्या ऑटोवाल्याची हिंदी जरा कान देऊन ऐका. ‘महाल’ या शहरातल्या वस्तीचं नाव म्हणताना जोर शेवटच्या ‘हाल’वर पडतो, ‘नागपूर’ म्हणताना तोच जोर सुरुवातीच्या ‘नाग’वर. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि विचारलं तर त्याला सांगताही येणार नाही. या जोराला भाषाशास्त्रात आघात म्हणतात. हिंदीतला आघात कुठे पडतो याचा नेटका नियम मांडला तो एका मराठी माणसाने, अशोक केळकरांनी.

केळकर (१९२९–२०१४) अनेकांना ‘रुजुवात’ या पुस्तकामुळे, म्हणजे त्याला मिळालेल्या २०१० च्या साहित्य अकादमी पुरस्कारामुळे माहीत असतात. मूळचे ते भाषाशास्त्रज्ञ. कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली मराठीवर पीएच.डी., पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन. हिंदी-उर्दूवरचा त्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला.

वृत्तं शिकताना आपण लघू-गुरू मोजलेले असतात. केळकरांच्या हिंदीत अवयवांची, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांची, वजनं दोन नाहीत, तीन आहेत. ‘क’ हलका. ‘का’ किंवा ‘कर्’ जड. आणि दीर्घ स्वरानंतर पुन्हा व्यंजनाने बंद होणारा ‘काम्’ अतिजड. (बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतोच.) नियम असा : शब्दातल्या सर्वांत जड अवयवावर आघात. दोघातिघांचं वजन सारखं भरलं, तर शेवटचा अवयव सोडून उरलेल्यांत जो सर्वांत उजवीकडे, त्याच्यावर.

आता नागपूर आणि आसपासच्या नावांतून फिरू. म-हाल : हलका आणि अतिजड. ‘हाल’ शेवटी असूनही जिंकतो. नाग-पुर (हिंदीत ‘पु’ ऱ्हस्व) : अतिजड आणि जड. म्हणून ‘नाग’. काम-ठी मध्ये ‘काम’ला स्पर्धकच नाही. इत-वा-री मध्ये तिघेही जड, बरोबरी. शेवटचा बाद, म्हणून आघात ‘वा’वर. सी-ता-बर्-डी मध्ये चौघेही जड, नियमाने ‘बर्’वर यायला हवा. आपण निम्मं नाव टाकून नुसतं ‘बर्डी’ म्हणतो, त्याचं श्रेय मात्र आघाताला द्यायचा मोह मी टाळतो. जोडनावातला एक तुकडा गाळायला इतकं कारण लागत नाही. कळमन्याच्या बाजार समितीची पाटी हिंदीत लिहिली, तर ‘समिति’तले तिन्ही अवयव हलके. तिथे आघात ‘मि’वर.

१९९३ साली ॲलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की यांनी ध्वनिविचाराचा एक नवा सिद्धांत मांडला, तेव्हा केळकरांची ही हिंदी त्यांच्या फार कामी आली. त्यांचं म्हणणं, भाषाभाषांत मागण्या त्याच असतात, फक्त कोणत्या मागणीला आधी मान द्यायचा हे वेगळं असतं. इथे मागण्या दोन : ‘सर्वांत जड अवयवाला आघात द्या’ आणि ‘शेवटचा अवयव मोकळा ठेवा’. हिंदीत पहिली वरचढ, म्हणून ‘महाल’चा ‘हाल’. दुसरीला संधी मिळते ती फक्त बरोबरी झाली की. लॅटिनमध्ये उलटं. दोन किंवा अधिक अवयवांच्या शब्दात शेवटचा कितीही जड असला तरी आघात त्याच्या आधीच्यांतच शोधायचा.

हिंदीच्या सगळ्या अभ्यासकांना केळकरांचा नियम मान्य आहे असं नाही. कान एकमेकांशी जुळत नाहीत, आणि यंत्राने मोजायला गेलं तर अडचण वाढते. इंग्रजीचं त्यामानाने बरं आहे. ध्वनिशास्त्रज्ञ डेनिस फ्राय यांनी १९५५ मध्ये ‘ऑब्जेक्ट’सारखे शब्द यंत्राने तयार करून लोकांना ऐकवले. आघात पहिल्या अवयवावर पडला तर हा शब्द नाम, दुसऱ्यावर पडला तर क्रियापद. ऐकणाऱ्यांचा कौल आवाजाच्या मोठेपणापेक्षा स्वराच्या लांबीवर जास्त अवलंबून होता. त्यांच्या १९५८ च्या प्रयोगात सुराची पट्टीही महत्त्वाची ठरली. हिंदीत मात्र लांबी ‘कम’ आणि ‘काम’ वेगळे ठेवण्यात आधीच गुंतलेली आहे, आणि सूर तर वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात खालून वर चढतो. मग आघाताची म्हणून वेगळी खूण शोधायची कुठे? माझ्या मते वाद मिटत नाही तो यामुळे.

मराठीत नुसत्या आघाताने अर्थ बदलत नाही. पण वजनाची जाण आपल्या लिपीतच उतरली आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ म्हणून पाहा. समुद्राच्या ‘दर्या’त ‘र्’ मागच्या ‘द’ला चिकटतो आणि ‘द’ गुरू होतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’त तोच ‘र्’ पुढच्या ‘या’कडे जातो, ‘द’ लघूच राहतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल तर ते लघू मोजा, असं आपलं शालेय व्याकरण सांगतं ते याचसाठी. ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे त्याच पंगतीतले. ‘तुझ्या’तला ‘तु’ही लघूच, पण तिथे लिपीने काही खूण ठेवलेली नाही. वाचणाऱ्याने कानावरच भागवायचं.