‘डेस्कटॉप साइट’वर टिक केली म्हणून फोनचा कंप्युटर होत नाही

खानापूर, निपाणीकडं झेरॉक्सच्या दुकानात फोनवर फॉर्म अडला की सल्ला ठरलेला: “ब्राउझरच्या मेनूत डेस्कटॉप साइटवर टिक मारा, आत कंप्युटरचा ब्राउझर चालू होतोय.” बरीच वर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

टिक मारली की ब्राउझर साइटला ‘मी फोन’ न सांगता ‘मी कंप्युटर’ अशी थाप मारतो आणि पान रुंद पडद्यासाठी मांडतो. बस्स. इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर रंगवणारा आतला भाग, तेच; मेमरी तीच. फोन ओळखून साइटनं लपवलेलं बटण त्यामुळं दिसेल. पण पेनड्राइव्हसारख्या टोकनवरच्या डिजिटल सहीसाठी कंप्युटरवर जे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते या टिकेनं कुठून येणार?

कंप्युटरचा ब्राउझर जवळपास तसाच फोनवर उतरवायचा प्रयोग खरंच झालाय. २०११ साली अँड्रॉइडवर आलेल्या फायरफॉक्समध्ये टॅब, बटणं, पत्त्याची पट्टी हे सगळं डेस्कटॉपसारखं फायरफॉक्सचं गेको नावाचं इंजिनच रंगवायचं. म्हणजे साधं बटण दिसायलाही आधी अख्खं इंजिन जागं व्हायला हवं! उघडायला वेळ, मेमरीही जास्त. शेवटी २०१२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं वरचा सगळा भाग अँड्रॉइडच्या स्वतःच्या घटकांत नव्यानं लिहिला. खाली गेको ठेवलं.

आयफोनची तऱ्हा वेगळीच. तिथं ॲपलच्या नियमामुळं क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत ॲपलचं वेबकिट इंजिनच. युरोपीय संघात २०२४ पासून आणि जपानमध्ये २०२५ पासून तेवढी सूट आहे.

बटण सापडत नसेल तर टिक जरूर मारून बघा. अक्षरं मुंगीएवढी होतील, काम झालं की काढून टाका.