चमचाभर मातीत एकरभर वावर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं, बांधावर बोलणं एकर-गुंठ्यांत चालतं आणि मातीचा बारीक कण मोजतात नॅनोमीटरमध्ये. या मापांत ये-जा करायची तर वाट एकच: आधी चौरस मीटर करायचे, मग पुढचं माप. गुंठ्यातून थेट नॅनोमीटरकडे उडी मारली की हिशेब हमखास फसतो.

आधी जमिनीकडची बाजू. एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४०४६.८६ चौरस मीटर. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरचा. फरक सव्वा टक्क्याच्याही आत, म्हणून पुष्कळ जण आर आणि गुंठा एकच धरतात. दहा एकरांत हाच फरक साडेचार गुंठ्यांच्या वर जातो, आणि तेवढ्यावरून वाटण्या अडतात.

त्याहून मोठा घोळ टिंबाचा. जुन्या कागदावर २.३० दिसलं तर वरचं शीर्षक आधी वाचा. एकर-गुंठे असतील तर ते २ एकर ३० गुंठे, म्हणजे ११० गुंठे. एकर-डिसमिल असेल तर एकराचे शंभर भाग धरलेले असतात आणि तोच आकडा ९२ गुंठ्यांवर येतो. अठरा गुंठ्यांचा फरक! हेक्टर-आरमध्येही १.०५ ला कोणी १.५ लिहिलं तर ५ आरचे ५० आर होतात, म्हणजे एका टिंबाशेजारच्या शून्यापायी एकराहून जास्त वावर वाढतं.

आता नॅनोमीटर. एका मीटरमध्ये ते १ वर ९ शून्ये इतके. पण क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून एका चौरस मीटरमध्ये चौरस नॅनोमीटर १ वर १८ शून्ये इतके. इथे नऊच शून्ये धरली तर उत्तर शंभर कोटी पटींनी चुकतं. वरच्या २ एकर ३० गुंठ्यांचे ११,१२९ चौरस मीटर होतात. चौरस नॅनोमीटरमध्ये १.११२९ गुणिले १ वर २२ शून्ये. बारा घरांच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे मावत नाही आणि एक्सेलही पंधरा अंकांपुढे शून्येच भरतं. म्हणून शून्ये कागदावर बाजूला लिहावीत आणि गुणाकार फक्त पुढच्या आकड्यांचा करावा. तेवीस अंक लिहून काढण्यात शहाणपण नाही. शेताची मोजणी मुळात चार-पाच अंकांपुढे खरी नसते.

एवढा खटाटोप कशासाठी? अकोला-यवतमाळकडच्या काळ्या मातीसाठी. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. त्यातलं नमुनेदार खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक थर, प्रत्येक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. स्फटिकाची एक घडण, म्हणजे थरात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात छोटा तुकडा, साधारण ०.५२ बाय ०.९० नॅनोमीटर, वरची आणि खालची बाजू मिळून ०.९३६ चौरस नॅनोमीटर. अशा ६.०२२ गुणिले १ वर २३ शून्ये इतक्या घडणींचं वजन सुमारे ७३४ ग्रॅम. या सगळ्यांच्या क्षेत्रफळाला वजनाने भागलं की एका ग्रॅमला ७६८ चौरस मीटर पृष्ठफळ (थरांच्या सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ) येतं, म्हणजे साडेसात गुंठे. चहाच्या चमच्यात मावणाऱ्या सव्वापाच ग्रॅम शुद्ध खनिजात एक एकर.

शेतातली माती शुद्ध नसते. त्यात ४० टक्के स्मेक्टाइट धरलं तर ग्रॅममागे सुमारे ३०० चौरस मीटर उरतात. तरी एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये, घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरून, ७८९ टन माती येते आणि तिचं पृष्ठफळ जवळपास २ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर भरतं. अख्खा विदर्भ सुमारे ९७ हजारांचा आहे. केओलिनाइट या चिकणमातीच्या दुसऱ्या खनिजात पाणी थरांच्या आत शिरत नाही, त्यामुळे त्याचं पृष्ठफळ ग्रॅममागे १०-२० चौरस मीटरच. काळं वावर उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात फुगतं ते या थरांमुळेच: कोरडा असताना सुमारे ०.९६ नॅनोमीटरचा थर पाण्याचे दोन पदर आत शिरले की दीड नॅनोमीटरवर जातो.

हे पृष्ठफळ मोजताना कोणती पद्धत वापरली ते विचारावंच लागतं. नायट्रोजन वायूच्या पद्धतीत एका रेणूला ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा धरतात, पण नायट्रोजन कोरड्या थरांच्या आत जात नाही. तो फक्त बाहेरची बाजू मोजतो आणि उत्तर कित्येक पटींनी कमी येतं. म्हणून थरांच्या आतही शिरणारा ईजीएमई (इथिलीन ग्लायकॉल मोनोइथाइल इथर) हा द्रव वापरतात. माती पूर्ण कोरडी करून त्यात तो मुरवायचा, निर्वात भांड्यात ठेवून जास्तीचा उडू द्यायचा, आणि वजन स्थिर झालं की उरलेल्या द्रवाचे ग्रॅम ०.०००२८६ ने (एका चौरस मीटरवर बसणाऱ्या द्रवाच्या ग्रॅमांनी) भागायचे. एक ग्रॅम मातीत ०.०८५८ ग्रॅम उरला तर ३०० चौरस मीटर. मातीने हवेतलं ०.०१ ग्रॅम पाणी ओढलं तरी उत्तर ३५ चौरस मीटरांनी फुगतं. पावसाळ्यात म्हणूनच जास्त जपावं लागतं. द्रव विषारी आहे, त्यामुळे हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं.

याचा रोजचा उपयोग फवारणीत. नाल्याचं गढूळ पाणी घेतलं आणि १५ लिटरच्या पंपात १५ ग्रॅम काळी माती गेली, तर पंपात ४५०० चौरस मीटर, म्हणजे एकराहून जास्त पृष्ठभाग गेला. पॅराक्वाट हे तणनाशक धनभारित असल्याने थेट थरांमध्ये जाऊन चिकटतं. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक कणांच्या कडांना आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना धरून बसतं. दोन्ही वेळा औषध तणावर पोचण्याआधी मातीच्या एकरात अडकतं. पाणी रात्रभर निवळू दिलं तरी पुरत नाही, कारण सगळ्यात बारीक कण सकाळीही तरंगतच असतात. विहिरीचं नितळ पाणी आणून घालणंच बरं.