९९ टक्के अचूक, तरीही निरुपयोगी

‘कोणती बँक बुडणार हे आमचं मॉडेल ९९ टक्के अचूक सांगतं,’ असा दावा दिसला की आधी एक साधा हिशेब मांडावा.

समजा १,००० बँका आहेत आणि वर्षभरात त्यांतल्या १० बुडणार आहेत. ‘एकही बुडणार नाही’ असं डोळे झाकून म्हटलं, तरी ९९० बँकांबाबत आपण बरोबरच ठरतो. अचूकता ९९ टक्के आणि पकडलेल्या बँका शून्य!

आता खरं मॉडेल घेऊ. ताळेबंदातून भांडवल, थकीत कर्जं, नफा, रोखता यांची गुणोत्तरं घ्यायची आणि लॉजिस्टिक रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीने बुडण्याची शक्यता ० ते १ मध्ये काढायची. डॅनियल मार्टिन यांनी १९७७ साली अमेरिकी बँकांसाठी हेच केलं होतं. मग एक उंबरठा ठरवायचा. शक्यता त्याच्या वर गेली की धोक्याची घंटा. समजा हे मॉडेल बुडणाऱ्या १० पैकी ९ बँका पकडतं आणि धडधाकट बँकांपैकी १० टक्क्यांवर उगाच घंटा वाजवतं. ९९० चे १० टक्के म्हणजे ९९. एकूण १०८ बँकांवर लाल खूण, त्यांत खरोखर बुडणाऱ्या फक्त ९. उंबरठा वर नेला की खोट्या घंटा कमी होतात, पण बुडणाऱ्या बँका निसटू लागतात. खाली आणला की उलट. या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच ओढाताण. उंबरठा हलवून एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही कमी करायच्या तर नवी माहितीच लागते.

म्हणून ही यादी म्हणजे निकाल नव्हे. आधी कुठे तपासणी करायची एवढंच ती सांगते. ती फुटली तर ठेवीदार धावतील आणि चांगली बँकही कोसळेल. अमेरिकेत नियामक तपासणीनंतर बँकेला तिच्या प्रकृतीबद्दल जी ‘कॅमल्स’ श्रेणी देतात, ती गोपनीय ठेवतात, त्यामागे ही भीतीही आहे.

नवी माहिती म्हणजे कसली, याचं एक उदाहरण. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिची थकीत कर्जं फारशी नव्हती. पण व्याजदर वाढल्यामुळे मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांची किंमत खरेदीपेक्षा सुमारे १५ अब्ज डॉलरने घसरली होती. भांडवल होतं साधारण १६ अब्ज. ९ मार्चला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले. रोख्यांची ती घसरण बँकेच्या वार्षिक अहवालात छापलेली होती, फक्त भांडवलाच्या गुणोत्तरात ती धरली जात नव्हती.